भाऊबिजेनंतरचे चार दिवस

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नवरात्राच्या सुमारास एक प्रश्न हटकून असतो : दिवाळीच्या सुटींत सर्वांनीं मिळून कोठें जावें? यंदा एका भगिनीनें तो जरा विस्तारानें विचारला आहे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मामंजींना रक्तदाबाचें औषध चालू आहे. धाकट्या जावेचें मूल तीन वर्षांचें, आणि थोरल्या दिरांचीं मुलें इतिहासाच्या पुस्तकांत नुकतींच आंग्र्यांपर्यंत येऊन पोंचलेलीं. मोठ्यांना समुद्र हवा आहे, मुलांना किल्ला हवा आहे. एवढें लिहून त्या शेवटीं म्हणतात, "सासूबाई एकच वाक्य बोलून मोकळ्या होतात, 'तुम्ही सगळीं जा, मी घर सांभाळतें.' त्यांना सोडून जाण्यास आमचें मन घेत नाहीं, आणि नेण्याचें धैर्य होत नाहीं."

सासूबाईंच्या या वाक्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्यांना जावयाचें नसतें त्या "मला नको" असें म्हणतात. "मी घर सांभाळतें" असें जी बाई म्हणते, तिला आपल्यामुळें इतरांची अडचण होईल एवढीच काय ती धास्ती असते. घर सांभाळण्यास एक चांगलें कुलूप आणि शेजारचें एक विश्वासू माणूस पुरे आहे. दुखरे गुडघे यंदा दहा पायऱ्या चढतील; आणखी तीन वर्षांनीं चढतीलच असें कोणी सांगावें? तेव्हां सहलीचा बेत सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलानें आंखावा, आणि ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांना मधूनमधून मोकळें सोडावें, हीच रीत आम्हांस योग्य वाटते. याच्या उलट बेत केला कीं घरांतील वडील माणसें मोटारींत बसून सामान राखतात, आणि परत आल्यावर छायाचित्रांत कोठेंच दिसत नाहींत.

या कसोटीस उतरणारा प्रदेश आमच्या मतें अलिबागपासून मुरुडपर्यंतचा किनारा हा होय. लांबी अवघी पन्नास किलोमीटरांच्या आसपास. इतक्या थोड्या अंतरांत मराठ्यांचा जलदुर्ग, पोर्तुगीजांचें पडकें शहर, सिद्दीचा अभेद्य किल्ला, यहुद्यांचें प्रार्थनामंदिर आणि मराठींतील एक फार जुना शिलालेख, असा ठेवा महाराष्ट्रांत दुसरीकडे एका ओळींत क्वचितच सांपडेल. शिवाय त्यांतील बहुतेक इतिहास जमिनीच्या सपाटीवर उभा आहे. रायगड-राजगडासारखा डोंगरमाथ्यावर नाहीं. मुंबईकरांना गेटवेवरून लाँचनें मांडव्यास उतरतां येतें. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसें नेणारी मोठी नौकाही मांडव्यास जाते. अकरा माणसांच्या कुटुंबाला हीच सोईची, कारण गाडींतील सामान उतरावें लागत नाहीं, आणि वडील माणसांना खाडीचा वारा खात बसून जातां येतें. पुणेंकरांनीं खोपोली-पेणवरून यावें. रस्ता सुमारें एकशेंचाळीस किलोमीटर. वाटेंत पेण तालुक्यांत गागोदें लागतें, जेथें १८९५ मध्यें विनोबा भावे जन्मले, एवढें मुलांना गाडींतच सांगून ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. या किनाऱ्यावरची सहल घड्याळानें किंवा शाळेच्या सुटीनें ठरवूं नये, तिथीनें ठरवावी. यांत धार्मिक कांहीं नाहीं. हा निव्वळ समुद्राचा हिशेब आहे. अलिबागेचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळीं चालत जाण्याजोगा असतो आणि भरतीच्या वेळीं चहूंकडून पाण्यांत असतो. केव्हां काय, हें कोंकणांतील जुनीं माणसें पंचांग पाहून सांगत. तिथीचा जो आंकडा असेल त्याची पाऊणपट करावी; जें उत्तर येईल त्या वाजतां भरती पूर्ण होते. शुद्ध पक्ष असो वा वद्य असो, हिशेब तोच. चतुर्थी असेल तर चार पाऊणें तीन, म्हणजे तीन वाजतां पूर्ण भरती, दुपारीं आणि पहांटेही. अष्टमीस आठ पाऊणें सहा. पूर्ण भरतीपासून सव्वासहा तास मागें किंवा पुढें मोजलें कीं ओहोटीचा तळ येतो.

ही पाऊणकी कोठून आली हें मुलांना अवश्य समजावून द्यावें. चंद्र रोज सुमारें पाऊण तास उशीरा उगवतो, कारण चोवीस तासांचे तीस तिथींत तीस भाग पाडले तर एकेक भाग अठ्ठेचाळीस मिनिटांचा होतो. समुद्र चंद्रामागून चालतो. म्हणून भरतीही दररोज तितकीच मागें पडते. ज्यांस हें एकदां उमगलें त्यांस पंचांग हें केवळ मुहूर्ताचें पुस्तक वाटणार नाहीं. अर्थात् या हिशेबांत अर्ध्यापाऊण तासाचें अंतर पडूं शकतें, आणि तेवढ्यांत किल्ल्यावर अडकण्याचा प्रसंग येतो. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा, आणि नेमकी वेळ मात्र सरकारी भरतीपत्रकावरून किंवा मोबाइलवर पाहून ताडून घ्यावी. शेवटचा शब्द किनाऱ्यावरील कोळ्याचा किंवा घोडागाडीवाल्याचा समजावा.

दुसरी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सर्वच ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेंमागें उधाण असतें. तेव्हां भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. पाणी फारसें चढत नाहीं आणि फारसें उतरतही नाहीं. त्यामुळें अष्टमीस दुपारीं बारा वाजतां ओहोटीचा तळ असला तरी किल्ल्याची वाट पुरती उघडी पडेलच अशी खात्री नसते, आणि वर डोक्यावर ऊन. उधाण सरतां सरतां येणाऱ्या तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथि सर्वांत उत्तम. पाणी दूर गेलेलें असतें, आणि तळ सकाळीं आठ ते साडेनऊच्या दरम्यान येतो. वडील माणसांची न्याहारी झालेली, ऊन कोंवळें, मुलें ताजीं.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं दिवाळींत हा योग दरवर्षीं आपोआप जुळून येतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचें, भाऊबीज द्वितीयेची. भाऊबीज उरकून तृतीयेस घरून निघावें, म्हणजे चतुर्थीची सकाळ कुलाबा किल्ल्यास मिळते. माहेरवाशिणी आलेल्या असतात, ओवाळणी झालेली असते, फराळाचे डबे भरलेले असतात आणि शाळा अजून उघडलेल्या नसतात. गर्दी असते, हें खरें. जागेचे दरही चढलेले असतात. ज्यांना शाळकरी मुलांचें बंधन नाहीं त्यांनीं पौष-माघांतील शुद्ध किंवा वद्य चतुर्थी धरून आठवड्याच्या मधल्या दिवशीं जावें; त्यांना तोच समुद्र निम्म्या खर्चांत आणि दुप्पट शांततेंत मिळेल. मे महिन्याची मात्र आम्ही शिफारस करणार नाहीं. तापलेल्या फरशीवरून म्हाताऱ्या माणसांना चालविण्यांत कसला इतिहास आणि कसली विश्रांति!

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आम्ही येथें एक युक्ति सुचवितों. सासूबाईंना "तुम्ही याल का?" असें विचारूंच नये, त्याचें उत्तर ठरलेलें आहे. पंचांग त्यांच्यापुढें ठेवून म्हणावें, "आई, चौथीची ओहोटी कितीला लागते तें तुम्हीच काढून द्या. आम्हांला कोणालाच येत नाहीं." ज्या बाईनें चाळीस वर्षें एकादश्या-चतुर्थ्या संभाळल्या तिला हा हिशेब पांच मिनिटांत येईल, आणि ज्यानें वेळ काढून दिली त्याला त्या वेळीं तेथें हजर राहावेंसें वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे.

चतुर्थीचा कार्यक्रम असा असावा. ओहोटीचा तळ पावणेनऊ धरला तर पावणेआठास किनाऱ्यावर असावें. चालणाऱ्यांनीं ओल्या वाळूवरून आणि खडकांवरून सावकाश चालत जावें. सासूबाई, मामंजी आणि लहान मूल यांच्यासाठीं घोडागाडी करावी. ही गाडी घोट्याइतक्या पाण्यांतूनही जाते. पायांत घट्ट बसणाऱ्या चपला असाव्यात, कारण खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात. पावणेदहाच्या आंत सर्वांनीं किल्ल्याबाहेर पडावें, मग कोणाचें कितीही पाहावयाचें राहिलेलें असो. भरतीची वेळ न पाहतां गेलेलीं माणसें किल्ल्यावर अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. त्यांत बहुधा "अजून पांच मिनिटें" म्हणणारा कोणीतरी असतो.

किल्ल्याचें काम शिवाजी महाराजांनीं १६८० मध्यें, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, सुरू करविलें आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तें पुरें झालें. पुढें तो कान्होजी आंग्र्यांचें मुख्य ठाणें झाला. १७२१ मध्यें इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनीं मिळून त्यावर चाल केली आणि दोघेही हात हलवीत परत गेले. मुलांना तट दाखवितांना एक गोष्ट निरखून पाहावयास सांगावी : मोठमोठे दगड चुन्यावांचून नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाट येऊन आदळली कीं पाणी फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच विरतो. आंत राघोजी आंग्र्यांनीं १७५९ मध्यें बांधलेलें सिद्धिविनायकाचें पंचायतन आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यांत गोड्या पाण्याचा सांठाही आहे. विनायकी चतुर्थीस समुद्रांतल्या गणपतीचें दर्शन! सासूबाईंना याहून निराळें निमित्त कशास हवें? उत्तरेच्या बाजूस इंग्लंडांत ओतलेल्या, चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफा आहेत; लहान मुलें तेथून हलत नाहींत, म्हणून त्या शेवटीं दाखवाव्यात.

दुपारीं विश्रांति. संध्याकाळीं गांवांत कान्होजींची समाधि पाहावी; १७२९ मध्यें ते वारले. जवळच चुंबकीय वेधशाळा आहे. पूर्वीं ती मुंबईंत कुलाब्यास होती. शहरांत विजेची ट्राम यावयाची ठरली; तिच्या प्रवाहानें सूक्ष्म सुया चळतील म्हणून १९०४ मध्यें ती अलिबागेस हलविली. परवानगीवांचून आंत जातां येत नाहीं, परंतु पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद इतक्या वर्षांपासून आपल्या या लहानशा गांवीं होत आहे, हें दाराबाहेरून सांगितलें तरी चालण्याजोगें आहे. अलिबागेंत यहुद्यांचें प्रार्थनामंदिरही आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते कीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत जवळच्या नवगांवापाशीं फुटलें, आणि वांचलेल्या सात पुरुष व सात स्त्रिया यांच्यापासून त्यांचा वंश वाढला. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून गांवोगांव त्यांना शनिवार तेली म्हणत. घरांत मराठी बोलणारे हे लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्राएलांत गेले. मुलांना "मराठी म्हणजे कोण?" या प्रश्नाचें उत्तर येथें पुस्तकापेक्षां चांगलें मिळतें.

पंचमीचा दिवस चौल-रेवदंड्यास द्यावा. वाटेंत आक्षी लागतें. तेथील शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा काळ आहे आणि मराठींतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. दगड गद्धेगाळाचा, म्हणजे दान मोडणारास शाप देणारा आहे. तो शाप मुलांपुढें वाचून दाखविण्याजोगा नाहीं, हें आगाऊ सांगून ठेवतों. मामंजींनीं काळ आणि लिपि यांवरच भर द्यावा.

चौल आज नारळी-पोफळींत झांकलेलें शांत गांव आहे. परंतु अरब प्रवासी मसूदी येथें दहाव्या शतकाच्या आरंभीं आला तेव्हां तें भरभराटीचें बंदर होतें, आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन् नांवाचा रशियन व्यापारी विकण्यासाठीं एक घोडा बरोबर घेऊन येथेंच उतरला. तो घोडा घेऊन तो जुन्नरास गेला, तेथें सुभेदारानें घोडा अडकवून ठेवला, पुढें तो सुटून बेदरापर्यंत गेला. ही हकीकत सांगतांना मुलें निकितिनापेक्षां घोड्याची काळजी अधिक करतात असा आमचा अनुभव आहे. वास्को द गामा यावयाच्या जवळजवळ तीस वर्षें आधींची ही गोष्ट. रेवदंड्यास त्याचें स्मारक एका शाळेच्या आवारांत आहे.

रेवदंड्याच्या तटाच्या आंत पोर्तुगीजांचें चौल होतें. १५०८ मध्यें याच खाडींत झालेल्या आरमारी लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही पुढें त्यांनीं येथें पाय रोवलाच. १७३९ मध्यें वसई पडली आणि १७४० मध्यें चौल मराठ्यांकडे आलें. आज तटाच्या आंत वाड्या आहेत, विहिरी आहेत, आणि मधूनच एखाद्या देवळाएवढ्या उंचीची चर्चची भिंत उभी राहते. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा दुरूनच दिसतो. त्याचे सगळे मजले आतां राहिलेले नाहींत. वडील माणसांनीं येथें वाडींतल्या सावलींत बसावें, चौलच्या रामेश्वराचें दर्शन घ्यावें. डोंगरावरच्या दत्ताच्या पायऱ्या मात्र शेंकड्यांनीं आहेत. "देवाचें काम आहे, हळूहळू चढूं" असा आग्रह सासूबाई धरतील. तो मोडून काढण्याचें काम सुनेवर न टाकतां मुलानें करावें.

पायांत जोर असलेल्यांनीं रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला चढावा. एका अरुंद भूशिरावरचा हा किल्ला पोर्तुगीजांनीं १५९४ मध्यें निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली एक बोली अजून बोलली जाते. बोलणारीं माणसें हजाराच्या आसपास. भोंवतालीं सगळीकडे मराठी, आणि पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशें वर्षें उलटून गेलेलीं. एक भाषा एवढ्या थोड्या तोंडांवर इतकीं वर्षें कशी टिकली, याचा विचार परतीच्या वाटेवर मोठ्यांनींही करावा. तेथील माणसांना "जरा बोलून दाखवा" म्हणून हटकूं मात्र नये; तीं प्रदर्शनांत बसलेलीं नाहींत.

इतिहास सांगतांना आणखी एक पान सोडूं नये असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे. अलिबागेजवळच चरी नांवाचें गांव आहे. तेथील कुळांनीं खोतांच्या जाचाविरुद्ध १९३३ मध्यें जमिनी कसण्याचें बंद केलें आणि उपाशी राहून १९३९ पर्यंत तो संप चालविला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, डॉ. आंबेडकरांनीं १९३७ मध्यें खोती नष्ट करण्याचें विधेयक असेंब्लींत आणलें; कायदा झाला तो १९४९ मध्यें. आमच्या वाचकवर्गांतील कित्येक घराण्यांचीं कोंकणांतील कागदपत्रें काढलीं तर त्यांत खोतीच्या सनदा निघतील. आंग्र्यांच्या तोफांचा अभिमान जर आपला, तर चरीचा हिशेबही आपलाच. मुलें बारा-चौदा वर्षांचीं असतील तर त्यांना हें समजतें. उलट वडिलांनीं चुकवून ठेवलेली गोष्ट त्यांना पुढें दुसऱ्या कोणाकडून कळली म्हणजे वडिलांच्या बाकीच्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

षष्ठीस मुरुड. जंजिऱ्यास जाण्याकरितां राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या मिळतात. पावसाळ्यांत त्या बंद असतात. किल्ल्याचा दरवाजा अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं, हें त्याच्या रचनेचें मर्म. दरवाजावर हत्तींना पंजांत धरलेल्या पशूचें शिल्प आहे. आंत कलालबांगडी ही प्रचंड तोफ आणि गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. परंतु दरवाजापाशीं होडी लाटेबरोबर वरखालीं होत असतांना नेमक्या क्षणीं पायरीवर पाऊल टाकावें लागतें. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं, आणि तीन वर्षांच्या मुलानें, हें साहस करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. राजपुरीच्या काठावरूनही जंजिरा पुरता दिसतो. तेव्हां सासूबाईंबरोबर काठावर कोण थांबणार हें आदल्या रात्रींच ठरवावें. न ठरविलें तर थांबणारी व्यक्ति कोण असेल हें सांगण्यास ज्योतिषी नको. म्हणून ठरवितांनाच थोरल्या मुलानें आपलें नांव पुढें करावें. त्यानें जंजिरा कॉलेजांत असतांना पाहिलेलाच असतो. त्याच्या बायकोनें पाहिलेला नसतो.

येथें मुलें हमखास विचारतात, "मग हा आपल्याला का नाहीं घेतां आला?" या प्रश्नाला बगल देऊं नये. शिवाजी महाराजांनीं प्रयत्न केले, जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा केला. तो समुद्रांत अजून दिसतो. संभाजी महाराजांनीं १६८२ मध्यें काठापासून किल्ल्यापर्यंत दगडांचा बांध घालण्याचा घाट घातला. मोगली फौज कोंकणांत उतरल्यानें तें काम सोडावें लागलें. आफ्रिकेंतून आलेल्या सिद्दींचें समुद्राचें ज्ञान मोठें, लांब पल्ल्याच्या तोफा त्यांच्यापाशीं, आणि पाठीशीं मोगलांचें पाठबळ. त्यांचें संस्थान १९४८ मध्यें विलीन होईपर्यंत टिकलें. शत्रूची ताकद मुलांना नीट सांगितली तरच महाराजांच्या उद्योगाचें मोल त्यांना कळेल. वेळ उरल्यास खोकरीचे सिद्दींचे दगडी घुमट पाहून यावें. रस्ता सोपा आहे.

समुद्रस्नानाविषयीं थोडें कठोरपणानें लिहिणें प्राप्त आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तीं तरणींताठीं मुलें होतीं, आणि पाणी वरून शांतच दिसतें. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली म्हणजे पायाखालची वाळू सरकते आणि माणूस आंत ओढला जातो. काशीदचा किनारा दिसावयास जितका देखणा तितकाच लाटांनीं अवखळ. ओहोटी लागल्यावर कोणीही गुडघ्याच्या वर पाण्यांत जाऊं नये. मुलें पाण्यांत असतांना एका मोठ्या माणसानें काठावर, हातांत मोबाइल न घेतां, नुसतें त्यांच्याकडे पाहात उभें राहावें, आणि अर्ध्या तासानें दुसऱ्यानें त्याची पाळी घ्यावी. "सगळे आहेतच कीं" अशी समजूत असते तेथेंच कोणाचें लक्ष नसतें.

मुक्कामास मोठें हॉटेल न घेतां नागांव, आक्षी किंवा रेवदंडा येथील वाडींतलें एखादें सबंध घर घ्यावें. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी हजारोंनीं मोडल्या. पोफळीचें नवें झाड फळ धरण्यास पांच-सात वर्षें घेतें. मधल्या काळांत अनेक वाडीवाल्यांचा संसार पाहुण्यांच्या दोन खोल्यांवरच चालला. आपले चार पैसे त्या हातीं गेलेले बरे. घर ठरवितांना तीन गोष्टी फोनवरच विचाराव्यात : तळमजल्यावर झोपण्याची खोली आहे काय, तिला लागून कमोड आहे काय, आणि गाडी दारापर्यंत येते काय. बाकी चित्रांत दिसणारें सौंदर्य दुय्यम आहे.

जेवणाची व्यवस्था घरमालकिणीकडेच सोंपवावी, आणि ती शाकाहारी, किती माणसांची, कोणाचा चतुर्थीचा उपास, कोणास तिखट वर्ज्य, हें चार दिवस आधीं कळवावें. "थोडा शिधा बरोबर नेऊं, तेथें गॅस असतोच" असा सूर घरांतून निघेल. तो काटकसरीचा वाटतो, पण त्याचा अर्थ घरच्या सुनांनीं समुद्रकांठीं जाऊन अकरा माणसांच्या पोळ्या लाटाव्यात इतकाच असतो. स्वयंपाकघर एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेणें याला सहल म्हणत नाहींत. तेथील बिरड्याची उसळ, सोलकढी, उकडीचे मोदक खावेत. थंडी लागलेली असेल आणि वालाच्या शेंगा आलेल्या असतील तर मडक्यांतली पोपटी सांगून ठेवावी. फराळाचे डबे सकाळसंध्याकाळच्या चहापुरते.

खर्चाचा प्रश्न एकत्र कुटुंबांत नाजूक असतो, म्हणून तो निघण्यापूर्वींच सोडवावा. माणशीं वर्गणी काढूं नये. चार मुलांच्या बापास ती जाचते आणि तो बोलून दाखवीत नाहीं. मिळवत्यांनीं आपापल्या मिळकतीच्या मानानें पैसे एका पिशवींत घालावेत, पिशवी मामंजींच्या हातीं द्यावी, आणि नारळपाण्यापासून होडीच्या भाड्यापर्यंत सर्व त्यांतूनच व्हावें. हिशेब मुलांपैकीं एखाद्यानें रोज रात्रीं वहींत लिहावा. औषधें दोन ठिकाणीं वाटून ठेवावींत, म्हणजे एक पिशवी गाडींत राहिली तर दुसरी हाताशीं असते. अलिबागेंत जिल्हा रुग्णालय आहे, तें मुक्कामापासून किती दूर पडतें हें पहिल्याच संध्याकाळीं पाहून ठेवावें. सप्तमीस सकाळचा चहा घेऊन निघावें, पोयनाडच्या रस्त्यावर गर्दी व्हावयाच्या आंत. वाडीवाल्यांचीं घरें दसऱ्याच्या आधींच भरतात, तेव्हां ज्यांना यंदा जावयाचें असेल त्यांनीं हा अंक खालीं ठेवून आधीं फोन करावा.